कुंठितावस्थेचा भार कोणाच्या खांद्यावर?

(बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी आपण मला दिलेला विषय 'संपन्न समाजातील दीर्घकालीन आर्थिक कुंठितावस्था' असा आहे. तो ऐकल्यावर प्रथम जपान, इंग्लंड, इटली अशी नावे डोळ्यांपुढे येतात, आणि बोरी अरबसारख्या गावात बसून त्या देशांच्या दुखण्याची चर्चा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, आपण ज्या राज्यात राहतो ते राज्य संपन्न आहे आणि त्याच राज्याच्या ज्या भागात आपण राहतो तो भाग दोन पिढ्या कुंठित आहे. देशाच्या एकूण उत्पन्नात एकट्या महाराष्ट्राचा वाटा तेरा-चौदा टक्के आहे. दुसऱ्या कोणत्याही राज्याचा वाटा एवढा नाही. तेव्हा आजचा विषय परदेशचा नाही, आपल्या पऱ्हाटीच्या वावरातला आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. बाजारातली 'मंदी' आपल्याला माहीत आहे. कापसाला मंदी आली असे व्यापारी म्हणतो तेव्हा पुढे तेजी येणार हे त्यात गृहीत असते. मंदी येते आणि जाते. कुंठितावस्था मात्र मुक्कामाला येते. तिच्यात दुकाने उघडी असतात, शाळा भरतात, निवडणुका होतात, रस्त्यावर मोटारसायकलीही वाढतात. पण बापाने जेवढ्या कष्टात जेवढे मिळवले त्याहून मुलाला अधिक मिळत नाही आणि नातवाला मिळेल असा भरवसा कोणाला वाटत नाही. माणसे या स्थितीची सवय करून घेतात. लग्न पुढे ढकलतात, दवाखाना टाळतात, एक मुलगा पुण्याला पाठवतात आणि उरलेल्या शेतीचा ठोका दुसऱ्याला देतात. ही सवय म्हणजेच कुंठितावस्थेत जगणे होय.

मला जे प्रतिपादन करावयाचे आहे ते एवढेच: संपन्न समाजात वाढ थांबणे ही जितकी मोठी आपत्ती आहे, त्याहून मोठा प्रश्न त्या थांबण्याचा भार कोणी वाहायचा हा आहे. तो भार संस्था आणि कायदे वाहू शकतात, किंवा तो एकेका कुटुंबाच्या, आणि अखेर एकेका बाईच्या डोक्यावर टाकता येतो. यापैकी काय घडते हे निसर्ग ठरवत नाही. ते राजकारण ठरवते, आणि म्हणून ते आपल्या कामाच्या कक्षेत येते.

दारिद्र्याची जन्मकथा

वऱ्हाड हा मुळातच मागास प्रदेश आहे, असे नोकरीनिमित्त इकडे येणारे लोक समजतात आणि हळूहळू आपणही समजू लागलो आहोत. इतिहास वेगळे सांगतो. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले ते येथील काळ्या जमिनीसाठी आणि कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव कडाडले. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून कापसाची एक जातच ओळखली जात असे. त्या पैशावर मुंबईत सट्ट्याची लाट उसळली. युद्ध संपताच १८६५ मध्ये ती फुटली आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पण शहर मागे उरले. त्या काळचे कापूससम्राट प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. त्या मनोऱ्याच्या पायात कापूस पिकविणाऱ्या मुलखाचे श्रम आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या दारव्हा तालुक्यातून गेलेली शकुंतला रेल्वे ही या इतिहासाची दुसरी साक्षीदार. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तेथून अचलपूर अशी सुमारे १९० किलोमीटरची ही अरुंद मार्गिका विसाव्या शतकाच्या आरंभी घातली गेली ती प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे, कापसाच्या गाठी मुख्य रेल्वेपर्यंत आणि तेथून मुंबई बंदरापर्यंत नेण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, तरी ही मार्गिका एका खाजगी कंपनीच्या नावावर राहिली आणि सरकारी रेल्वे ती चालवून त्या कंपनीला मोबदला देत राहिली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. लोकांनी त्याचे कौतुक केले, छायाचित्रे काढली. सत्तर वर्षे तेच इंजिन चालते याचा दुसरा अर्थ असा की, सत्तर वर्षे या मुलखात कोणी नवे भांडवल घातले नाही. गेल्या दशकात ती गाडीही थांबली.

तात्पर्य, आपला प्रदेश विकासाच्या बाहेर राहिला हे म्हणणे अपुरे आहे. तो विकासाला जुंपला गेला होता. कच्चा माल येथून गेला, त्याचे सूत आणि कापड दुसरीकडे झाले, नफा तिसरीकडे साठला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांनी १८ जानेवारी १९८२ पासून संप केला, तो मोडला गेला, आणि पुढे १९९१ व २००१ मधील नियमांच्या बदलांतून गिरण्यांच्या जमिनी बांधकामासाठी मोकळ्या झाल्या. कापूस पिकवणारा आणि कापड विणणारा हे दोघेही त्या हिशेबातून बाहेर पडले. जमिनीची किंमत तेवढी राहिली. आज राज्याच्या संपन्नतेचा मोठा भाग जमिनीच्या, वित्ताच्या आणि सेवांच्या व्यवहारातून येतो. त्या व्यवहाराला कापूस वेचणाऱ्या बाईची गरज उरलेली नाही. संपन्न राज्यातील कुंठितावस्था ती हीच.

अनुशेषाचे गणित

१९५३ च्या २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि नोकऱ्यांत वाटा, नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन अशी अभिवचने त्यात होती. घटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांची तरतूद आली. १९६० मध्ये राज्य स्थापन झाले, पण ती मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले. त्यापूर्वी, १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने पुढील वर्षी अहवाल दिला. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा आणि त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा, असे तिने काढले. नंतरच्या समितीने १९९४ ची स्थिती धरून तो आकडा १४ हजार कोटींवर नेला. केळकर समितीने २०१३ मध्ये सांगितले की, विदर्भाचे दरडोई उत्पन्न उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने २७ टक्क्यांनी कमी आहे आणि मराठवाड्याचे ४० टक्क्यांनी. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो २०२२ मध्ये. मधली दोन वर्षे मंडळांवाचून गेली आणि मुंबईत कोणाची झोप उडाली नाही.

या सर्व समित्यांचे काम मोलाचे होते. पण अनुशेषाची भाषा आपण जशीच्या तशी उचलली याचा विचार करायला हवा. अनुशेष जिल्ह्याचा मोजला जातो, माणसाचा नव्हे. रस्त्याचे किलोमीटर, पंपांच्या जोडण्या, सिंचनाचे हेक्टर मोजले जातात. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचा अनुशेष कोणत्याही तक्त्यात बसत नाही. शिवाय रक्कम मिळालीच तर ती कंत्राटदाराच्या हातून खर्च होते, आणि धरणाचा खर्च दहा पटींनी वाढला तरी कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, हे विदर्भाने पाहिलेले आहे.

आपला माणूस सत्तेवर नसल्याने हे झाले, असेही म्हणता येत नाही. पुसदचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सव्वाअकरा वर्षे, मुख्यमंत्री होते. सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात त्या पदावर होते. या जिल्ह्याने मुख्यमंत्री दिले, तरी जिल्ह्याची कुंठितावस्था फिटली नाही. व्यक्ती बदलून व्यवस्था बदलत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

आता तर आवाजही घटतो आहे. तरुण माणसे गाव सोडतात, लोकसंख्येचे प्रमाण कमी होते, आणि मतदारसंघांच्या फेररचनेत जागा जातात. २००९ च्या निवडणुकीपासून विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. लोकसभेच्या अकराच्या दहा झाल्या आणि यवतमाळ वाशिमला जोडले गेले. आपला दारव्हा मतदारसंघ नाहीसा होऊन दिग्रसमध्ये विलीन झाला. कुंठितावस्था माणसे बाहेर घालवते, माणसे गेल्याने प्रतिनिधित्व घटते, प्रतिनिधित्व घटल्याने कुंठितावस्था पक्की होते. हे चक्र केवळ वाढीची वाट पाहून तुटणारे नाही.

जपानकडे का पाहायचे

येथे मी आपल्याला थोडा वेळ जपानमध्ये नेणार आहे. त्याचे कारण असे की, वाढ थांबलेल्या संपन्न समाजात माणसे तीस वर्षे कशी जगली, याचे सर्वांत मोठे उदाहरण तेथे आहे.

१९८९ च्या डिसेंबरअखेर टोकियोच्या शेअर बाजाराचा निर्देशांक ३८,९१५ या शिखरावर होता. मग फुगा फुटला. तो आकडा पुन्हा ओलांडला गेला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. जमिनीचे भाव कोसळले, वेतने जागच्या जागी राहिली, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक झाले. एवढे होऊनही तेथे दुष्काळी छावण्या उघडाव्या लागल्या नाहीत. याचे कारण, वाढ असताना त्या समाजाने काही गोष्टी कायद्याने बांधून ठेवल्या होत्या. १९६१ पासून प्रत्येक नागरिक आरोग्य विम्यात आहे. कुंठेच्या ऐन काळात, २००० मध्ये, वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा सुरू झाला. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, १९५४ पासून राष्ट्रीय करांचा ठरावीक हिस्सा सूत्रानुसार दुबळ्या प्रांतांना आणि गावांना मिळतो. त्यासाठी कोणाला अनुशेष मोजत बसावे लागत नाही, किंवा मंडळाची मुदत संपली म्हणून वाटा थांबत नाही.

परंतु जपानचे चित्र गोड करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथेही भार सर्वांवर सारखा पडला नाही. ज्यांना जुन्या कायम नोकऱ्या होत्या ते तगले. १९९० च्या दशकात शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या तरुणांना नोकऱ्यांची दारे बंद झाली आणि त्यांतले अनेक जन्मभर तात्पुरत्या कामावर राहिले. १९९० च्या सुमारास पाचातला एक कामगार अस्थायी होता, पुढे ते प्रमाण तिघांत एकाहून अधिक झाले. त्यात स्त्रिया अधिक. २००८ च्या अखेरीस कारखान्यांनी काढून टाकलेले कंत्राटी कामगार, राहते वसतिगृहही गेल्यामुळे, टोकियोच्या हिबिया उद्यानात तंबू ठोकून राहिले. कामगार संघटनांनी तेथे त्यांच्या जेवणाची सोय केली आणि देशाला पहिल्यांदा आपल्या पोटातली गरिबी दिसली. खेडी तर ओस पडतच गेली.

१९९८ मध्ये जपानमधील आत्महत्यांची संख्या प्रथमच वर्षाला तीस हजारांवर गेली आणि २०११ पर्यंत ती खाली आली नाही. कर्जबाजारी छोटे व्यावसायिक आणि बेकार मध्यमवयीन पुरुष यांचा त्यात मोठा भरणा होता. त्या समाजानेही आधी याला व्यक्तिगत दुर्बलता मानले. नंतर मृतांच्या कुटुंबीयांनी आणि संघटनांनी आवाज उठविला, आणि २००६ मध्ये दोन कायदे झाले. एकाने आत्महत्या रोखणे ही सरकारची जबाबदारी ठरविली. दुसऱ्याने सावकारी कंपन्यांच्या व्याजाला वेसण घातली, ती २०१० मध्ये पूर्णपणे अमलात आली. २०१९ पर्यंत आत्महत्यांचा आकडा वीस हजारांच्या आसपास उतरला. त्या काळात जपानची अर्थव्यवस्था काही भरारी घेत नव्हती. वाढ आली नाही, तरी मृत्यू कमी झाले. वीस हजार हा आकडाही मोठाच आहे, पण दिशा बदलता येते हे त्यातून सिद्ध होते.

आपल्याकडे भार कोणी वाहिला

आता परत यवतमाळला येऊ. १९ मार्च १९८६ रोजी या जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. त्या घटनेला आता चार दशके होत आली. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत अलीकडच्या वर्षांतही, सरकारी नोंदीप्रमाणेच, दरवर्षी हजाराच्या आसपास शेतकरी आत्महत्या होत आहेत. जपानमध्ये वाढ थांबली असताना आकडा उतरला. महाराष्ट्रात वाढ चालू असताना तो उतरत नाही.

सरकारने काय केले? २००५ पासून मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत सुरू झाली. पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. सातबारा कुटुंबाच्या नावे हवा, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, कर्जाचा तगादा हवा. ज्याने ठोक्याने किंवा बटाईने शेती केली, ज्याने कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे-खत उचलले, जी बाई स्वतः शेती करते पण जिचे नाव सातबाऱ्यावर नाही, ती सारी 'अपात्र'. मरणाचीही छाननी करणारी ही व्यवस्था आहे.

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती. बागायती भागात दोन हेक्टर म्हणजे बरी शेती, आपल्या कोरडवाहू भागात सात-आठ एकरवालाही गरीबच असतो आणि तो मर्यादेबाहेर राहिला. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या कर्जमाफ्यांनी काही ओझे उतरले हे मान्य केले पाहिजे. पण माफी मागील वर्षाची असते, पेरणी पुढील वर्षाची. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस माणसे दगावली. त्यांत रोजाने फवारणी करणारे मजूर होते. त्यांच्यासाठी कोणत्याही कर्जमाफीत ओळ नव्हती, कारण त्यांना कर्ज देणारी बँकच नव्हती.

कापूस आणि ऊस यांची तुलना करा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये कारखान्याने चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. ते थकले तर शेतकऱ्याच्या हातात कायदा असतो आणि तो आंदोलन करून पैसे काढून घेतो. कापसाला हमीभाव जाहीर होतो, पण त्याखाली खरेदी करणे गुन्हा ठरत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हा भाव जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठविले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली, म्हणजे नेमके आपला कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. खेडा खरेदीला दारी आलेल्या व्यापाऱ्याला त्यानंतर भाव पाडण्यासाठी आणखी काही सांगावे लागत नाही. सरकारी केंद्रावर जावे तर सातबारा लागतो. ठोक्याने करणाऱ्याकडे तो नसतो. म्हणजे जो सर्वांत अधिक जोखीम घेतो, त्यालाच हमी नाही. ऊसवाल्याशी आपले भांडण नाही. त्याने संघटनेच्या बळावर जे मिळविले ते कापूसवाल्याला का नाही, एवढाच आपला प्रश्न आहे.

आपण जे उभे केले होते

हे सारे अशक्य कोटीतले आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला महाराष्ट्राच्याच इतिहासातील दोन गोष्टी सांगाव्यात.

पहिली, कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ च्या कायद्याने ती आली, १९७२ च्या हंगामापासून सुरू झाली आणि तीसएक वर्षे चालली. तिचे दोष आपण सोसले आहेत. ग्रेडरची मनमानी, केंद्रावर रात्रंदिवस उभ्या बैलगाड्या, महिनोन्महिने थकलेले चुकारे, आणि अखेर डोंगराएवढा तोटा. पण कापूस बाजारात नेण्यापूर्वी भाव माहीत असणे ही गोष्ट त्या योजनेनेच प्रथम दिली. योजना सुधारण्याऐवजी ती मोडू दिली गेली. २००२ मध्ये खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. त्याच वर्षी बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. लागवडीचा खर्च वाढण्याची आणि भावाचे छत्र उडण्याची वेळ एकच होती.

दुसरी, रोजगार हमी. वि. स. पागे यांची कल्पना, तासगावचा प्रयोग, १९७२ च्या दुष्काळात डाव्या आणि समाजवादी पक्षांनी काढलेले मोर्चे, या सर्वांतून १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्याच्या खर्चासाठी शहरातील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर कर बसविला गेला. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्याच्या पगारातून काही रुपये कापले जातात आणि त्यातून दारव्हा तालुक्यातील मजूर स्त्रीला हक्काने काम मागता येते. हीच ती कुंठितावस्थेच्या भाराची न्याय्य वाटणी. संपन्न भागाने कुंठित भागाचा भार उचलला, तोही दया म्हणून नव्हे, कायदा म्हणून. पुढे २००५ मध्ये देशाने या कल्पनेवर कायदा केला, याचा आपल्याला अभिमान असला पाहिजे आणि ती कल्पना पातळ होत असताना संतापही आला पाहिजे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आधी वाढ होऊ द्या, वाटणीचे मग पाहू. महाराष्ट्रात गेली साठ वर्षे वाढ होतच आहे. ती आपोआप यवतमाळपर्यंत झिरपायची असती तर एव्हाना झिरपली असती. वाढीला आपला विरोध नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्याचे स्वागतच आहे. पण नव्या गाडीने जुन्यासारखा केवळ कच्चा माल आणि मजूर वाहून नेला, तर रुळांची रुंदी बदलेल, व्यवस्था बदलणार नाही. सूत आणि कापड येथे व्हावे, सरकीचे तेल येथे निघावे, ही मागणी रेल्वेच्या मागणीबरोबरच करावी लागेल.

दुसरा आक्षेप वेगळ्या राज्याचा. या प्रश्नावर आपल्यात दोन मते आहेत हे मला माहीत आहे आणि आज त्याचा निकाल लावण्याची गरज नाही. एवढेच लक्षात ठेवू की, विदर्भातही नागपूर आणि यवतमाळ यांच्यात अंतर आहे, आणि यवतमाळमध्येही शहर आणि कोलाम पोड यांच्यात अंतर आहे. राजधानी जवळ आल्याने ठोक्याने शेती करणाऱ्याला हमीभाव मिळेल, असे मानण्यास आधार नाही. राज्य एक राहो वा दोन होवोत, वाटणीचा लढा टळत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. 'येथे काही बदलत नाही.' मला हे वाक्य म्हणजे कुंठितावस्थेचा पूर्ण विजय वाटतो. ती प्रथम उत्पन्न थांबविते, मग अपेक्षा थांबविते. अपेक्षा थांबली की माणूस मागणी करत नाही, अर्ज करतो.

काय करायचे

तेव्हा या हंगामासाठी मी आपल्यापुढे चार कामे ठेवतो. ती लहान आहेत, पण प्रत्येक काम भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकविणारे आहे.

एक, आपापल्या गावात ठोक्याने, मक्त्याने आणि बटाईने शेती करणाऱ्यांची यादी तयार करा. सरकारकडे ही यादी नाही. ती ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करा की, पीक पाहणीत, पीक कर्जात, विम्यात आणि हमीभावाच्या केंद्रावर प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद व्हावी. जमीनमालकाला जमीन जाण्याची भीती वाटेल. मालकी आणि कसणे या दोन नोंदी वेगळ्या आहेत, हे त्याला समजावणे हे आपले काम.

दोन, ज्या घरातला कर्ता पुरुष गेला आहे त्या घरातील बाईचे नाव सातबाऱ्यावर चढले की नाही ते पाहा. तलाठ्याकडे तिच्याबरोबर जा. दीर-भासरे काय म्हणतील या धाकाने वारसाची नोंद वर्षानुवर्षे रखडते, आणि त्या एका नोंदीवाचून तिला कर्जही मिळत नाही, मदतही नाही.

तीन, २०१४ च्या राज्याच्या सावकारी नियमन कायद्यात, बेकायदा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. लोकांना हा कायदा माहीत नाही. माहीत असला तरी एकट्याने अर्ज करण्याची हिंमत होत नाही. पाच-दहा कुटुंबांनी मिळून अर्ज करावेत आणि आपण पाठीशी उभे राहावे.

चार, वेचणीची आणि फवारणीची मजुरी. कापसाच्या भावाची चर्चा करताना आपण बहुधा शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो आणि मजुराला विसरतो. हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले की व्यापाऱ्याला आणि सरकारला दोघांचाही हिशेब चुकविता येतो. भावाच्या मागणीपत्रात मजुरीचे आणि फवारणीच्या सुरक्षा साधनांचे कलम पहिल्या पानावर असले पाहिजे.

मित्रहो, या चार कामांनी अर्थव्यवस्था वेग घेणार नाही, आणि तसे आश्वासन देण्यासाठी मी आलो नाही. वाढ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती येईपर्यंत कोणी किती सोसायचे, हे ठरविण्याचा अधिकार मंत्रालयातील आणि बाजारातील काही माणसांकडे सोडून देण्याचे कारण नाही. उलंगवाडी होईपर्यंत पहिल्या दोन याद्या तयार व्हाव्यात, आणि पुढची बैठक त्या याद्या समोर ठेवून व्हावी, एवढी विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करतो.